प्रयोगाआधीच लिहिलेला निष्कर्ष

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दहावीचा निकाल लागला की ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदर रस्त्यापर्यंत खासगी क्लासेसचे फलक लागतात आणि विज्ञानात घवघवीत गुण मिळवलेल्या मुलामुलींचे हसरे चेहरे महिनाभर चौकाचौकांत दिसत राहतात. त्या मुलांचे कष्ट खरे आहेत आणि त्यांचे कौतुक व्हायलाच हवे. मात्र यांतलीच पुष्कळ मुले अकरावीला विज्ञान शाखेत गेली की पहिल्याच प्रात्यक्षिकाला परीक्षानळी हातात धरून विचारतात, "सर, यात काय दिसायला हवं?" समोर काय दिसते आहे हे सांगण्याआधी काय दिसायला हवे याची चौकशी करणाऱ्या विद्यार्थ्याजवळ विज्ञानाची माहिती भरपूर असते, पण पुरावा पाहून मत बनवण्याची आणि गरज पडल्यास ते बदलण्याची सवय त्याला शाळेने लावलेली नसते. ठाण्यातल्या एका अनुदानित शाळेत मी अनेक वर्षे विज्ञान शिकवले आणि निवृत्तीनंतर ठाणे व नवी मुंबईतल्या काही शाळांत शिक्षकांबरोबर बसून पाठांची आखणी करते. चिकित्सक विचार शिकवता येतो का आणि तो कसा, याबद्दल त्या अनुभवातून जे हाती लागले ते आपल्या वाचकांपुढे ठेवावे, एवढ्यासाठी हे पत्र.

दुखण्याचे मूळ पाहायचे असेल तर नववी-दहावीच्या कोणत्याही वर्गातली प्रयोगवही उघडावी. साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष असे चार मथळे सुबक अक्षरात आखलेले असतात, आणि अनेक ठिकाणी ही वही प्रात्यक्षिक परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्याच्या वहीवरून एका बैठकीत उतरवली जाते. नववीचा ओहमच्या नियमाचा प्रयोग घ्या. तक्त्यात विभवांतर आणि विद्युतधारा यांच्या पाच जोड्या असतात आणि पाचही ओळींत भागाकार करून काढलेला रोध दशांश चिन्हापर्यंत एकसारखा असतो. ज्याने एकदा तरी अ‍ॅमीटर आणि व्होल्टमीटर स्वतः जोडून वाचन घेतले आहे, त्याला ही वही खोटी आहे हे सांगावे लागत नाही, कारण खऱ्या वाचनात रोध कधी ४.८, कधी ५.१, तर कधी ५.३ येतो. विचाराला खाद्य पुरवणारी जागा हीच असते. जोडणी सैल राहिली होती का, काटा वाचताना डोळा तिरका राहिला का, की तार तापल्यामुळे रोधच थोडा वाढला, असे प्रश्न या विस्कळीत आकड्यांतूनच निघतात. पण खरे आकडे आणणाऱ्या मुलाला "नीट काढून आण" असे सांगितले जाते आणि उतरवलेल्या वहीला पूर्ण गुण मिळतात. पुरावा उत्तराशी जुळत नसेल तर पुरावाच दुरुस्त करायचा, हा धडा आपण पंधराव्या वर्षी मुलांना अशा रीतीने अधिकृतपणे देतो.

पाठ्यपुस्तकांना याबाबत दोष देता येणार नाही. बालभारतीच्या विज्ञानाच्या पुस्तकांत 'करून पहा', 'सांगा पाहू', 'जरा डोके चालवा' अशा चौकटी पानोपानी आहेत आणि त्यांतल्या काही खरोखर चांगल्या आहेत. अडचण अशी की 'जरा डोके चालवा' ही चौकट वर्गात सर्वांत आधी गाळली जाते, कारण परीक्षेत ती येईल याची खात्री नसते. आणि ज्या शिक्षकाला ती घ्यायची असते त्याच्या विद्यार्थ्यांकडे गाईड असते, ज्यात डोके चालवून झाल्यानंतरचे उत्तरही छापलेले असते.

या परिस्थितीवर उपाय म्हणून गेल्या काही वर्षांत शाळांना स्मार्ट बोर्ड मिळाले, ध्वनिचित्रफिती मिळाल्या, काही ठिकाणी रोबोटचे संच असलेल्या सुसज्ज खोल्याही झाल्या. त्यांना माझा विरोध नाही, पण पडद्यावर प्रयोग पाहणे आणि फळ्यावर तो वाचणे यांत विचाराच्या दृष्टीने मोठे अंतर नाही. अंतर पडते ते पाठाच्या क्रमाने. नेहमीच्या क्रमात शिक्षक तत्त्व सांगतात, मग ते 'सिद्ध' करणारा प्रयोग दाखवतात आणि मग निष्कर्ष लिहून देतात. हा क्रम उलटा करून आधी प्रत्येक मुलाकडून काय घडेल याचा अंदाज कारणासह लेखी घ्यायचा, मग प्रयोग करायचा आणि शेवटी अंदाज व निरीक्षण यांचा मेळ का बसला किंवा का बसला नाही यावर वर्गात चर्चा घडवायची, अशी पद्धत आहे. ऑस्ट्रेलियातील शिक्षणसंशोधक रिचर्ड व्हाइट आणि रिचर्ड गनस्टन यांनी १९९२ मध्ये तिची पद्धतशीर मांडणी केली, तरी तिचा गाभा कोणत्याही चांगल्या शिक्षकाला ओळखीचा वाटेल. यात 'लेखी' हा भाग फार महत्त्वाचा आहे. तोंडी अंदाज हवेत विरतो आणि प्रयोगानंतर सगळेच म्हणतात, "मला हेच वाटलं होतं". कागदावर लिहिलेला अंदाज मात्र समोर राहतो.

एक पाठ जरा तपशिलात सांगते, कारण पद्धतीची चर्चा उदाहरणाशिवाय पोकळ होते. बशीत पाणी घ्यायचे, मधोमध मेणबत्ती पेटवून उभी करायची आणि तिच्यावर काचेचा ग्लास पालथा घालायचा. थोड्या वेळाने मेणबत्ती विझते आणि पाणी ग्लासात वर चढते. हा प्रयोग कित्येक पिढ्या दाखवला गेला आहे आणि त्याचे ठरलेले स्पष्टीकरण असे की, ज्वलनात ऑक्सिजन संपला, त्याची जागा पाण्याने घेतली, म्हणून हवेत सुमारे एक पंचमांश ऑक्सिजन असतो हे सिद्ध झाले. आठवी-नववीच्या वर्गात कोणालाही विचारा, हेच उत्तर येते आणि आत्मविश्वासाने येते.

आता मुलांना फक्त एवढेच सांगावे की पाणी नेमके कधी चढते ते पाहा. ऑक्सिजन हळूहळू संपत असेल तर पाणीही मेणबत्ती जळत असताना हळूहळू चढायला हवे. प्रत्यक्षात ज्योत जळत असते तोवर ते फारसे हलत नाही, आणि ज्योत विझताच भराभर वर येते. शिवाय ज्यांची नजर तीक्ष्ण असते त्यांना ग्लास ठेवताना त्याच्या काठाखालून बुडबुडे बाहेर पडलेले दिसतात. इथे वर्गात पहिली कुजबुज सुरू होते. मग त्याच ग्लासाखाली तीन मेणबत्त्या लावायच्या, पण त्याआधी अंदाज लिहून घ्यायचा. ग्लास तोच, म्हणजे हवा तेवढीच आणि ऑक्सिजनही तेवढाच, तेव्हा पाणी तेवढेच चढावे असे हुशार मुले लिहितात. पाणी स्पष्टपणे जास्त चढते. "मॅडम, तीन मेणबत्त्यांनी जास्त ऑक्सिजन खाल्ला," असे कोणीतरी म्हणते आणि शेजारचाच मुलगा त्याला अडवतो, "ग्लासात होता त्यापेक्षा जास्त कसा खाईल?" हा संवाद मी अनेक वर्गांत थोड्याफार फरकाने ऐकला आहे. शिक्षकाने यावेळी काहीही न बोलणे हेच त्याचे सर्वांत मोठे काम असते, आणि ते किती अवघड आहे हे शिकवणाऱ्यालाच ठाऊक!

पुढची पायरी मुलांकडून काढून घ्यावी. ज्वलनाखेरीज आणखी काय बदलले? उष्णता. हवा तापून प्रसरण पावली, काही बाहेर निसटली आणि ज्योत विझल्यावर उरलेली थंड होऊन आकसली, अशी दुसरी कल्पना कोणीतरी मांडते. दोन कल्पनांपैकी कोणती टिकते हे ठरवायचे तर असा प्रयोग हवा, जिथे दोघींची भाकिते वेगळी असतील. ग्लास मेणबत्तीविना नुसता हळूहळू गरम करून बशीतल्या पाण्यात पालथा घाला. काहीच जळत नाही, ऑक्सिजन जिथल्या तिथे आहे, तरीही पाणी चढते. उलट, ओल्या परीक्षानळीच्या आतल्या बाजूला लोहकीस चिकटवून ती पाण्यात पालथी उभी करून काही दिवस ठेवली, तर उष्णतेचा संबंध नसतानाही पाणी सावकाश वर येते आणि नळीच्या सुमारे एक पंचमांश उंचीवर थांबते, कारण गंजताना लोखंड ऑक्सिजन खरोखर वापरते. म्हणजे ठरलेल्या उत्तरातला आकडा बरोबर, पण त्याला मेणबत्तीची साक्ष गैरलागू. दहावीचा वर्ग असेल तर 'रासायनिक अभिक्रिया व समीकरणे' हा पाठ इथे उपयोगी पडतो. मेणातील एक प्रातिनिधिक रेणू २५ कार्बन आणि ५२ हायड्रोजन अणूंचा धरला तर त्याच्या ज्वलनात ऑक्सिजनचे ३८ रेणू लागतात आणि कार्बन डायऑक्साइडचे २५ तयार होतात. तेव्हा सगळा ऑक्सिजन संपला असे मानले आणि पाण्याची वाफ निवून पाणी झाली असे धरले, तरी ३८ मागे १३ या प्रमाणाने हवेच्या १०० भागांत घट सुमारे ७ भागांचीच व्हावी, २१ भागांची नव्हे. आणि मेणबत्ती तर सगळा ऑक्सिजन संपण्याच्या बऱ्याच आधी विझते. समीकरण संतुलित करणे हा केवळ दोन गुणांचा प्रश्न नसून त्याच्या आधारे एखादा दावा तपासता येतो, हे मुलांना अशा वेळी पहिल्यांदा कळते.

लोहकिसाची नळी सोडली तर या संपूर्ण पाठाला जोडतास लागतो आणि खर्च एका मेणबत्तीच्या पाकिटाचा येतो. त्यातून मुलांना मिळते ते असे: एकाच निरीक्षणाची दोन स्पष्टीकरणे असू शकतात, त्यांच्यात निवड करायला तिसरा प्रयोग रचावा लागतो, आणि छापील उत्तरही तपासून पाहता येते.

वर्गातल्या बोलण्याबाबतही थोडे लिहायला हवे. अमेरिकेत शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांतल्या ध्वनिमुद्रणांवरून दाखवून दिले की, शिक्षक प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी सरासरी सेकंदभरच थांबतात, आणि ही वाट पाहणे तीन सेकंदांपर्यंत वाढवले तर उत्तरे लांब होतात, अधिक मुले बोलतात आणि कारणे देऊ लागतात. साठ मुलांच्या वर्गात, ३५ मिनिटांच्या तासिकेत, शांतता म्हणजे गेलेला वेळ असे आपल्याला वाटते, त्यामुळे पहिल्या बाकावरचा हात वर आला की आपण पुढे सरकतो. दुसरी गोष्ट 'कशावरून?' या प्रश्नाची. तो आपण बहुधा उत्तर चुकले की विचारतो, त्यामुळे मुले लगेच उत्तर बदलतात; 'कशावरून' म्हणजे 'चूक' असेच त्यांना वाटू लागते. बरोबर उत्तरालाही त्याच सुरात 'कशावरून?' विचारले गेले, आणि ते रोज विचारले गेले, तर महिनाभरात मुले एकमेकांनाही तो विचारू लागतात. याला कोणतेही प्रशिक्षण लागत नाही, संयम मात्र पुष्कळ लागतो.

ठाणे आणि नवी मुंबईच्या संदर्भात भाषेचा प्रश्न टाळून चालणार नाही. इथल्या बहुसंख्य मराठी शाळांनी पट टिकवण्यासाठी सेमी-इंग्रजीचे वर्ग सुरू केले आणि त्यांत विज्ञान व गणित इंग्रजीतून शिकवले जाते. पालकांची ओढ मला समजते. परंतु ज्या मुलाला 'कारण', 'जर-तर', 'असे असते तर' हे सगळे मराठीत सहज जमते, तेच मूल इंग्रजी वाक्यरचनेच्या धाकाने तोंड मिटून बसते आणि मग उत्तर पाठ करणे हाच त्याच्यापुढे मार्ग उरतो. सेमी-इंग्रजी वर्गातही अंदाज मराठीत लिहू द्यावा, वाद मराठीत होऊ द्यावा आणि शेवटचे उत्तर तेवढे इंग्रजीत लिहून घ्यावे, असे माझे ठाम मत आहे. काही शाळांत हे चोरून केले जाते, ते उघडपणे करावे.

स्थानिक ज्ञानाचा उपयोगही आपण करत नाही. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातली किंवा बेलापूरजवळच्या दिवाळे गावातली मुले आपल्या वर्गांत असतात आणि त्यांच्या घरी उधाणाची (मोठी) आणि भांगाची (लहान) भरती हे शब्द रोजचे असतात. किनाऱ्यावर एक जुना ठोकताळा आहे: तिथीच्या पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. हा नियम बरोबर आहे का? पावसाळ्यात आपल्याच वृत्तपत्रात भरतीच्या वेळा छापून येतात. पंधरा दिवस त्या कापून वहीत चिकटवल्या आणि शेजारी ठोकताळ्याने आलेली वेळ लिहिली, की तपासणी सुरू झाली. चंद्राच्या गतीप्रमाणे भरती तिथीमागे सरासरी ४८ मिनिटे पुढे सरकते आणि ठोकताळा ४५ मिनिटे धरतो, म्हणून पौर्णिमेपर्यंत पाऊण तासाचा फरक साचतो. पण प्रतिपदेपासून मोजणी पुन्हा नव्याने सुरू होत असल्याने चूक त्यापुढे वाढत नाही. कागदावर गुणाकार न करता, घड्याळ न बाळगता समुद्रावर जाणाऱ्या माणसाला एवढी अचूकता पुरेशी होती. शिवाय छापील वेळ मुंबईच्या बंदराची असते. ऐरोलीच्या पुलाखाली पाणी किती उशिरा चढते, हे तिथल्या मुलांनाच मोजावे लागेल. परंपरेने आलेले ज्ञान डोळे मिटून स्वीकारू नये आणि डोळे मिटून झिडकारूही नये, ते मोजून पाहावे, हे शिकवायला याहून चांगला पाठ मला माहीत नाही. यात आणखी एक गोष्ट घडते: वर्गात एरवी मागच्या बाकावर बसणारी मुलगी त्या दिवशी शिक्षकांपेक्षा जास्त जाणते.

ग्रहणाच्या वेळी परातीत मुसळ आधाराशिवाय उभे राहते, अशी समजूत आपल्याकडे आहे आणि मोबाइलमुळे तिचे व्हिडिओ आता घरोघरी पोहोचतात. या विषयावर वर्गात भाषण देण्यात काही हशील नाही. ग्रहण नसलेल्या दिवशी मुसळ उभे राहते का, एवढाच प्रश्न विचारावा आणि मुसळ मुलांच्या हाती द्यावे. बूड सपाट असले आणि हात स्थिर असला तर ते कोणत्याही मंगळवारी उभे राहते. तुलनेसाठी दुसरी बाजू पाहिल्याशिवाय कोणतेही निरीक्षण पुरावा ठरत नाही, ही गोष्ट औषधाच्या जाहिरातीपासून परीक्षेच्या निकालाच्या फलकांपर्यंत सगळीकडे लागू पडते. १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोनाची जोपासना हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले. त्याचे कलम पाठ करून घेण्यापेक्षा हा अर्धा तास अधिक कामाचा आहे. २ ऑगस्ट २०२७ रोजी आपल्याकडे खंडग्रास सूर्यग्रहण आहे. पावसाचे ढग ते दिसू देतील की नाही सांगता येत नाही, मुसळाला मात्र ढगांची अडचण नाही.

आता परीक्षेकडे वळते, कारण आपल्याकडे जे तपासले जात नाही ते शिकवले जात नाही. दहावीला विज्ञानाचे ४०-४० गुणांचे दोन पेपर असतात आणि २० गुण प्रात्यक्षिकाचे. पेपरात 'शास्त्रीय कारणे लिहा' हा प्रश्न नावाने विचाराचा आहे, पण त्याची कारणे ठरलेली, छापलेली आणि पाठ केलेली असतात. तांब्याची कळकट भांडी लिंबाने किंवा चिंचेने का घासतात, याचे तीन ओळींचे उत्तर सगळ्यांना येते. तोच प्रश्न असा विचारता येईल: 'तांब्याच्या पाच सारख्या कळकट पट्ट्या अनुक्रमे लिंबाचा रस, चिंचेचे पाणी, आंबट ताक, मिठाचे पाणी आणि साधे पाणी यांत दहा मिनिटे ठेवल्या. भांडी आम्लामुळे स्वच्छ होतात हे तुमचे म्हणणे असेल तर कोणत्या पट्ट्या स्वच्छ व्हायला हव्यात? कोणते निरीक्षण आले तर तुम्ही तुमचे म्हणणे मागे घ्याल? लिंबात मीठ घातल्याने काम लवकर होते का, हे तपासायला काय कराल?' धडा तोच, माहिती तीच, पण गाईडमध्ये याचे उत्तर सापडणार नाही, आणि तपासणाऱ्याला उत्तराऐवजी उत्तरामागचा युक्तिवाद वाचावा लागेल. तपासणीतली ही अडचण खरी आहे. हजारो उत्तरपत्रिका ठरावीक दिवसांत तपासायच्या तर परीक्षकांना ठरावीक मुद्दे लागतात, हे मी नाकारत नाही.

अशी परीक्षा घेता येते हे आपल्या देशातच सिद्ध झाले आहे. मध्य प्रदेशात १९७२ साली १६ शाळांत होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, १९७८ मध्ये तो जिल्हाभर पसरला आणि पुढे 'एकलव्य' संस्थेने तो सांभाळला. दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक आणि आपल्या कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ शाळाशिक्षकांच्या प्रशिक्षणाला जात असत. पुस्तकात प्रयोग आणि प्रश्न होते, निष्कर्ष छापलेले नव्हते, आणि परीक्षेला पुस्तक उघडे ठेवायला परवानगी होती. तो कार्यक्रम सहावी ते आठवीचा होता, साध्या सरकारी शाळांत तीस वर्षे चालला आणि २००२ मध्ये राज्य सरकारने तो बंद केला. बंद पडला म्हणून तो फसला, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण शिक्षकांना सतत पाठबळ देणारी यंत्रणा नसेल तर अशी पद्धत सरकारी आदेशाने आणता येत नाही आणि सरकारी आदेशापुढे टिकतही नाही, एवढे त्यातून दिसते. आपल्याला पाठबळ शोधायला दूर जायला नको. १९७४ मध्ये स्थापन झालेले होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र मानखुर्दला, म्हणजे वाशीची खाडी ओलांडली की समोर आहे. त्याच शास्त्रज्ञाच्या नावाने सहावी आणि नववीसाठी होणाऱ्या बालवैज्ञानिक स्पर्धेत लेखी परीक्षेबरोबर प्रात्यक्षिक, कृती संशोधन आणि मुलाखतही असते, ही तिची मोठी जमेची बाजू. आपण हुशार लोक असल्यामुळे त्या स्पर्धेचेही क्लास काढले, हा भाग वेगळा.

या पद्धतींबद्दल वाटेल ते दावे करण्याचा मोह मात्र टाळायला हवा. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील फिलिप ॲडी आणि मायकेल शेयर यांनी १९८० च्या दशकात अकरा ते चौदा वयाच्या मुलांसाठी दर पंधरवड्याला एक, असे दोन वर्षे विचार-पाठ घेतले, आणि पुढे सोळाव्या वर्षीच्या परीक्षेत त्या मुलांचे विज्ञानाबरोबर गणित व इंग्रजीचे गुणही वाढलेले आढळले. हे उदाहरण प्रशिक्षणांत नेहमी दिले जाते. पण त्याच धर्तीच्या पाठांची इंग्लंडमध्ये नंतर मोठ्या प्रमाणावर चाचणी घेतली गेली, तिचा अहवाल २०१६ मध्ये आला आणि तीत विज्ञानाच्या गुणांत तशी वाढ दिसली नाही. मुलांना दोन्ही बाजूंचा पुरावा पाहायला सांगणाऱ्यांनी ही दुसरी बाजू लपवू नये. माझे म्हणणे एवढेच आहे की वर उल्लेखिलेले पाठ घेतल्याने मुले प्रश्न विचारू लागतात हे मी पाहिले आहे. त्यांचे गुण वाढतात, असा माझा दावा नाही.

पाठांतराला शिव्या घालण्याची फॅशनही मला मान्य नाही. आवर्तसारणीतली पहिली वीस मूलद्रव्ये, सूत्रे, एकके डोक्यात नसतील तर विचार कशाचा करणार? मेणबत्तीच्या पाठात मुलांनी उष्णतेचा मुद्दा काढला, कारण वायूंचे प्रसरण त्यांना आधी शिकवलेले होते. त्यामुळे प्रत्येक तास शोधाचा करावा असे मी सुचवत नाही. पोर्शन पूर्ण करायचा असतो, निवडणूक आणि जनगणनेची कामे मानेवर असतात, माहिती ऑनलाइन भरायची असते, हे सगळे मी भोगले आहे. महिन्यातून दोन जोडतास अशा पाठांना द्यावेत आणि उरलेले तास नेहमीसारखे घ्यावेत, इतके तरी कोणत्याही शाळेला जमावे. विज्ञान प्रदर्शनात पालकांनी रात्रभर जागून केलेले थर्माकोलचे ज्वालामुखी मांडण्यात जो वेळ जातो, त्यातच हे तास निघतील.

सुरुवात नववीपासून करावी, कारण नववीची परीक्षा शाळाच घेते आणि त्यासाठी मंडळाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांच्या शिक्षण विभागांनी व मुख्याध्यापक संघांनी मिळून एवढे ठरवावे की, यंदा नववीच्या प्रात्यक्षिकात एक प्रयोग विद्यार्थ्यांनी आधी न पाहिलेला असेल, प्रयोगवहीत 'अंदाज' हा पाचवा मथळा 'कृती'च्या आधी येईल, आणि चुकलेल्या अंदाजाचा गुण कापला जाणार नाही. वाचन विस्कळीत आले आणि विद्यार्थ्याने त्याचे कारण शोधले, तर त्याला जुळवलेल्या आकड्यांपेक्षा अधिक गुण मिळावेत. दहावीसाठी मंडळाने प्रात्यक्षिकाच्या २० पैकी ५ गुण अशा कामाला राखून ठेवण्याचा विचार करावा.

संपादक महोदय, आपल्याकडेही एक मागणे आहे. दहावीच्या परीक्षेआधी वृत्तपत्रांतून सराव प्रश्नपत्रिका आणि आदर्श उत्तरे छापली जातात आणि विद्यार्थी ती कात्रणे जपून ठेवतात. त्या जागेत आठवड्यातून एकदा विज्ञानाचा एक न पाहिलेला प्रश्न उत्तराशिवाय छापावा आणि पुढच्या आठवड्यात विद्यार्थ्यांनी पाठवलेल्या उत्तरांपैकी दोन परस्परविरोधी, पण कारणांसह लिहिलेली उत्तरे शेजारी-शेजारी द्यावीत. तांब्याच्या पट्ट्यांचा वर दिलेला प्रश्न पहिल्या आठवड्यासाठी घ्यायला माझी हरकत नाही. त्याचे उत्तर मी मुद्दामच लिहिलेले नाही.

आपली विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, ठाणे
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)